‘बाहेरून आणा’ ही चिठ्ठी परत करायला शिका

सरकारी दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एक छोटा कागद पडतो. त्यावर शिक्का नसतो, तारीख नसते, पुष्कळदा सहीही नसते. दोन-तीन औषधांची नावं असतात आणि सोबत एक तोंडी वाक्य असतं, ‘हे आत नाहीये, बाहेरून आणा.’ सरकारदरबारी या कागदाला अस्तित्व नाही. तो कुठल्याही रजिस्टरात चढत नाही. मेडिकलच्या काउंटरवर पैसे मोजले की त्याचं आयुष्य संपतं. महिनाअखेरीस त्याच दवाखान्याचा अहवाल वर जातो आणि त्यात लिहिलेलं असतं, औषधसाठा पुरेसा आहे.

ही चिठ्ठी आली की आपण काय करतो? मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. दहा मिनिटांत कुणी पाचशे पाठवतो, कुणी हजार. एखादा बाइक काढून औषध घेऊन येतो. रुग्णाच्या घरचे दुवा देतात आणि ग्रुपवर ‘माशाअल्लाह’ची रांग लागते. यात वाईट काही नाही. पण आपण इथेच थांबतो, याबद्दल माझी तक्रार आहे. चिठ्ठीचे पैसे भरणाऱ्या समाजाने ती चिठ्ठी निघालीच का, हे एकदाही विचारलं नाही तर त्याच्या खिदमतीचा फायदा रुग्णाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, निष्काळजी व्यवस्थेला होतो.

हे मी बाहेरून पाहून लिहीत नाही. माझं घर चांदीपला, वसई तालुक्याच्या पूर्वेकडच्या ग्रामीण पट्ट्यात. डी. फार्म. केल्यापासून मी रुग्णालयांच्या औषध भांडारात काम करते. कुठे कुठे केलं ती नावं लिहीत नाही, कारण मुद्दा एका रुग्णालयाचा नाही. भांडार म्हणजे तळमजल्यावरची किंवा जिन्याखालची ती खोली, जिच्यात मंत्री कधी येत नाहीत आणि टीव्हीचा कॅमेराही येत नाही. पण रुग्ण वाचणार की नाही, याचा निम्मा निकाल त्या खोलीत कित्येक आठवडे आधी लागलेला असतो.

बेरीज-वजाबाकीचा विषय

भांडाराचं शास्त्र अवघड नाही. समजा, एका औषधाचा महिन्याचा खप 30 कुप्या आहे. मागणी पाठवल्यापासून माल यायला तीन महिने लागतात. म्हणजे मागणी पाठवायच्या दिवशी कपाटात किमान 90 कुप्या हव्यात. गाडी उशिरा येईल, साथ येईल, एखादा बॅच परत करावा लागेल, म्हणून वर आणखी 30 धरा. झाल्या 120. साठा 120 वर आला की त्याच दिवशी इंडेंट गेलं पाहिजे. जो माणूस 30 उरल्यावर इंडेंट लिहितो, त्याने पुढचे दोन महिने ‘बाहेरून आणा’ म्हणायची तयारी आजच करून ठेवलेली असते. त्या दोन महिन्यांत कोण दगावेल एवढंच फक्त त्याला माहीत नसतं.

दुसरी गोष्ट, सगळी औषधं सारख्या महत्त्वाची नसतात. आमच्या कामात त्यांचे तीन गट करतात: जीवरक्षक, आवश्यक आणि सोयीची. खोकल्याचं औषध आठवडाभर नसलं तर माणूस खोकत राहतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन एक तास नसलं तर बाई जाते. तरीही कपाटं पाहिलीत तर सोयीची औषधं ढिगाने आणि जीवरक्षक मोजकी, असं चित्र दिसतं. एकदम मोठी खरेदी करणं सोपं असतं आणि रोज हिशेब ठेवणं कष्टाचं, हे त्याचं कारण. तिसरी गोष्ट, ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढायचं. हे साधं काम झालं नाही की पुढे नवा माल वापरला जातो आणि मागे जुना माल मुदत संपून पडतो. मग एकाच खोलीत टंचाई आणि कचरा शेजारी शेजारी नांदतात.

चौथी गोष्ट पैशांची. मी एका ठिकाणी सलाईनचे सेट संपताना पाहिले आहेत. माल बाजारात होता, दर ठरलेला होता, पुरवठादारही तयार होता. फक्त त्याची तीन महिन्यांची बिलं थकली होती, म्हणून त्याने गाडी थांबवली. वरच्या मजल्यावर नातेवाईक परिचारिकेशी भांडत होते. तिच्या हातात काहीच नव्हतं. ज्या टेबलावर बिलं पडून होती, त्या टेबलाकडे कुणीही गेलं नाही.

दहा कुप्या म्हणजे किती माणसं?

आमच्या भागातलं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात भाताच्या खाचरात उतरलेल्या माणसाला साप चावतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांवर आपल्याकडे एकच मिश्र प्रतिविष मिळतं. विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या द्याव्या लागतात, आणि गरज पडली तर पुन्हा तेवढ्याच. आता एखाद्या केंद्राने सांगितलं, ‘सर्पदंशावरचं औषध उपलब्ध आहे, 10 कुप्या आहेत.’ ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एका माणसाचा पहिला डोस एवढाच. त्याच रात्री दुसरा आला तर त्याला पुढे पाठवायचं, विरारला किंवा मुंबईच्या दिशेने, अंधारात, हायवेच्या कोंडीतून.

हे प्रतिविष येतं कुठून? देशात ते बनवणारे कारखाने मोजकेच आहेत, मुंबईचं हाफकिन त्यांतलं एक. आणि त्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा येतो चेन्नईजवळच्या इरुला आदिवासींच्या एका सहकारी संस्थेकडून. ती 1978 साली उभी राहिली. म्हणजे आमच्या खाचरात चावलेल्या घोणसाचं औषध तमिळनाडूतल्या एका आदिवासी माणसाने पकडलेल्या सापापासून सुरू होतं. तिथून कारखाना, घोडे, प्रयोगशाळा, राज्याचं गोदाम, जिल्ह्याचं गोदाम असा प्रवास करत ते आमच्यापर्यंत येतं. एवढ्या लांब साखळीत एक कडी निसटली की शेवटच्या टोकाचं कपाट रिकामं. म्हणूनच शेवटच्या टोकाला साठा जास्त हवा. आपल्याकडे नेमकं उलट होतं. शहराजवळच्या मोठ्या रुग्णालयात माल पोहोचतो आणि जिथून पुढे जायला वाहन नाही तिथे दहा कुप्या.

साठवणुकीचाही प्रश्न आहे. पावडर स्वरूपातलं प्रतिविष फ्रीजशिवाय टिकतं, द्रव स्वरूपातलं 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. ऑक्सिटोसिनलाही थंडावा लागतो. वीज जाणाऱ्या गावात कुठलं औषध कुठल्या स्वरूपात पाठवायचं हा विचार मुंबईतल्या निविदेच्या कागदावर व्हायला हवा. तो झाला नाही तर कुपी कपाटात असते, रजिस्टरातही असते, फक्त तिच्यातला गुण निघून गेलेला असतो.

नोंद नाही, म्हणून मृत्यूही नाही

आता मोठ्या घटनांकडे या. त्या तुम्हाला माहीत आहेत, पण आपण त्या चुकीच्या पद्धतीने लक्षात ठेवल्या आहेत.

ऑगस्ट 2017. गोरखपूरच्या बीआरडी मेडिकल कॉलेजात दोन दिवसांत तीसहून अधिक बालकं गेली. ऑक्सिजन पुरवणाऱ्या कंपनीची सुमारे 68 लाखांची बिलं थकली होती आणि तिने पुरवठा थांबवण्याचा इशारा लेखी दिला होता. या घटनेतून आपल्याला आठवतं एकच नाव, डॉ. कफील खान. एका बाजूने त्यांना खलनायक ठरवलं, तुरुंगात टाकलं. आपल्या बाजूने त्यांना नायक केलं. पुढे खात्याच्या चौकशीत त्यांच्यावरचे निष्काळजीपणाचे आरोप टिकले नाहीत. 2020 मध्ये त्यांच्यावर लावलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदाही अलाहाबाद उच्च न्यायालयाने रद्द केला. त्यांच्यावर अन्याय झाला, यात शंका नाही. पण हिंदू-मुसलमान या वादात ती 68 लाखांची बिलं कुठल्या कुठे गेली. बिल कुणाच्या टेबलावर होतं, किती दिवस होतं, इशाऱ्याचं पत्र कुणी वाचलं, हे प्रश्न आपणही पुरेसे लावून धरले नाहीत. ज्यांना ते नको होते त्यांचं काम सोपं झालं.

एप्रिल 2021. वसई-विरारमधला तो महिना इथल्या माणसाला आठवून द्यावा लागत नाही. नालासोपाऱ्यात ऑक्सिजन अपुरा पडून माणसं गेल्याचा आरोप नातेवाइकांनी केला, रुग्णालयाने तो नाकारला. 21 एप्रिलला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि त्या दिवशी 22 रुग्ण गेले. गळती हा अपघात होता. पण एवढे रुग्ण एका टाकीवर आणि तिच्यात बिघाड झाला तर तात्काळ सुरू होईल असा दुसरा पुरेसा मार्ग नाही, हा अपघात नव्हता. ती एक मांडणी होती आणि कुणीतरी तिच्यावर सही केली होती.

त्याच वर्षी 20 जुलैला केंद्र सरकारने राज्यसभेत लेखी उत्तर दिलं. ऑक्सिजनच्या अभावामुळे मृत्यू झाल्याची नेमकी नोंद कोणत्याही राज्याने वा केंद्रशासित प्रदेशाने कळवलेली नाही, असा त्याचा आशय होता. उत्तर देणाऱ्या तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री भारती पवार नाशिक जिल्ह्यातल्याच दिंडोरीच्या खासदार. या उत्तरावर देश संतापला. मला त्यातली कारकुनी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. उत्तर कागदाला धरूनच होतं. मृत्यूच्या दाखल्यावर ‘श्वसनक्रिया बंद पडून’ असं लिहिलं जातं, ‘सिलिंडर संपून’ असं लिहायला रकानाच नसतो. जे रजिस्टरात गेलं नाही ते संसदेत येत नाही. ‘बाहेरून आणा’च्या चिठ्ठीचंही हेच होतं.

आणि नांदेड. 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या चोवीस तासांत तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बालकं होती. अधिष्ठात्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं की हाफकिनकडून व्हायची खरेदी झाली नाही, म्हणून स्थानिक पातळीवर औषधं घ्यावी लागली. सरकारने सांगितलं की औषधांचा तुटवडा नव्हता. मग तत्कालीन खासदार हेमंत पाटील आले आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. अधिष्ठाते आदिवासी समाजातले. खासदारांवर गुन्हा दाखल झाला, एका मृत महिलेच्या नातेवाइकाच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही झाला. राज्यभर त्या झाडूची चर्चा झाली. भांडाराच्या किल्ल्या मागायला मात्र कुणी गेलं नाही. कोणत्या औषधाचं इंडेंट कुठल्या तारखेला गेलं, किती आलं, किती कमी आलं, कितव्या दिवशी आलं, एवढा चार रकान्यांचा कागद त्या आठवड्यात जनतेसमोर ठेवला असता तर तुटवडा होता की नव्हता हे कुणाच्या शब्दावर राहिलं नसतं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि औषध खरेदीचा व रिक्त पदांचा तपशील सरकारकडे मागितला. न्यायालयाला जे विचारावंसं वाटलं, ते आपण आपल्या तालुक्यात विचारू शकतो.

हाफकिनची आठवण

या हाफकिनचीच एक जुनी गोष्ट सांगते. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा वाल्डेमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने 1897 साली ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली. लोक टोचून घ्यायला घाबरत होते. तेव्हा तिसरे आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली, आपल्या खोजा अनुयायांना टोचून घ्यायला सांगितलं आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुशरू लॉज हा बंगला दिला. आपल्याकडे अभिमानाने सांगतात ती गोष्ट इथे संपते. खरं तर त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. 1899 मध्ये ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि सार्वजनिक संस्था म्हणून वाढली. समाजाने गरजेच्या वेळी छप्पर दिलं, पण लस कायम बंगल्यातून वाटली गेली नाही. ते काम सरकारने उचललं.

1902 साली पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना कामावरून दूर केलं गेलं. परका, त्यात ज्यू, त्यामुळे बोट दाखवणं सोपं होतं. पण प्रत्येक बाटलीला क्रमांक होता. ती सगळी माणसं 53-एन या एकाच बाटलीतून टोचलेली होती आणि त्या बाटलीचं बूच काढताना गावात काय घडलं याचा माग लागला. 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. पाच वर्षं लागली, पण बाटलीचा क्रमांक लिहून ठेवलेला नसता तर एवढ्या काळानेही काही सिद्ध झालं नसतं. अल्पसंख्य माणसाला नोंदवहीची गरज इतरांपेक्षा जास्त असते. बहुसंख्याला अफवा पुरते, आपल्याला पुरावा लागतो.

याच हाफकिनच्या नावाने चालणाऱ्या महामंडळाकडे 2017 मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यभरातली औषध खरेदी सोपवली. लस आणि प्रतिविष बनवणाऱ्या संस्थेला सगळ्या राज्याची खरेदी करायला लावली. निविदा लांबल्या, तक्रारी वाढल्या. शेवटी 2023 मध्ये खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण करण्याचा कायदा आला. तमिळनाडूने हे काम 1994 साली वेगळं महामंडळ काढून सुरू केलं होतं. तिथे जिल्ह्या-जिल्ह्यात गोदामं आहेत. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक मिळतं, त्यात वर्षाची औषधांची रक्कम जमा असते आणि माल उचलला की वजा होते. आलेल्या मालाचे नमुने उत्पादकाचं नाव झाकून प्रयोगशाळेत जातात आणि पास झाल्यावरच माल रुग्णालयात पोहोचतो. चंद्रावर जायचं तंत्रज्ञान यात नाही. आपण ते तीन दशकं नुसतं पाहत राहिलो.

तपासणी नसेल तर काय होतं ते नागपूरने दाखवलं. तिथल्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आलेल्या अँटिबायोटिक गोळ्या बनावट निघाल्या. 2024 मधल्या पोलिसांच्या आरोपपत्रानुसार त्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं आणि त्या हरिद्वारच्या जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत तयार झाल्या होत्या. रजिस्टरात औषध होतं, कपाटात होतं, रुग्णाच्या पोटातही गेलं. फक्त ते औषध नव्हतं. म्हणून ‘साठा आहे का’ या प्रश्नाच्या मागोमाग ‘बॅच तपासला का’ हाही प्रश्न हवा.

महाराष्ट्रात चांगलं घडत नाही, असं मात्र म्हणू नका. नंदुरबारचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर 2020 मध्ये, जिल्ह्यात ऑक्सिजनचा प्रकल्प बसवला आणि पुढे आणखी वाढवले. तेव्हा बेड रिकामे होते, कुणीही म्हणालं असतं की कशाला खर्च. 2021 च्या एप्रिलमध्ये मोठी शहरं टँकरची वाट पाहत होती आणि राज्याच्या टोकाचा हा आदिवासी जिल्हा स्वतःचा ऑक्सिजन बनवत होता. संकट नसताना केलेल्या तयारीचा फोटो कुणी काढत नाही. माणसं वाचतात ती त्याच तयारीने.

प्रमाणपत्र नको, हिशेब हवा

आता आपल्याविषयी. मालाडच्या मालवणीतल्या शाहनवाज शेख यांनी 2020 मध्ये आपली एसयूव्ही विकून ऑक्सिजनचे सिलिंडर घेतले आणि लोकांना मोफत दिले. देशभर त्यांचं नाव झालं, व्हायलाच हवं होतं. वसईपासून मुंब्र्यापर्यंत कितीतरी तरुणांनी तेव्हा सिलिंडर उचलले, मयतं उचलली, तीही सगळ्या धर्मांची. मला त्यांचा अभिमान आहे.

पण तेव्हाच्या बातम्यांचे मथळे आठवा. ‘मुस्लिम तरुणांनी घडवलं माणुसकीचं दर्शन.’ त्याआधी काही महिने तबलीगच्या नावाने आपल्याला साथीचे वाहक ठरवलं होतं. मग आपण मथळे एकमेकांना पाठवले, स्टेटसला ठेवले. बघा, आम्ही चांगले आहोत. ही जी चांगुलपणाचं प्रमाणपत्र मिळवण्याची धडपड आहे, ती आपल्याला नागरिक होऊ देत नाही. प्रमाणपत्र मागणारा नेहमी नम्र असतो, तो प्रश्न विचारत नाही. कर आपणही भरतो. साबण, तेल, मोबाइलचं रिचार्ज यांवरचा जीएसटी धर्म विचारून लागत नाही. त्याच पैशांतून घेतलेलं औषध कपाटात का नाही, हे विचारण्यासाठी आधी देशभक्ती सिद्ध करावी लागत नाही.

आपण 2006 च्या सच्चर अहवालातले आकडे भाषणांत फेकतो. आपल्या मोहल्ल्याशेजारच्या दवाखान्यात रेबीजच्या लशीच्या किती कुप्या आहेत, हा आकडा आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मागासलेपण दिल्लीच्या अहवालात मोजलं जातं, पण दूर करायचं ते इथल्या कपाटापासूनच.

मला माहीत आहे, यावर तुम्ही काय म्हणाल. ‘समोर माणूस तडफडतोय आणि तू अर्ज लिहायला सांगतेस?’ नाही. आधी औषध आणा, पैसे द्या, जीव वाचवा. पण चिठ्ठी फेकू नका. केसपेपरवर ‘साठ्यात उपलब्ध नाही’ असं तारीख आणि सहीसह लिहून मागा. शांतपणे, आवाज न चढवता. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. अशा ठिकाणी बाहेरची चिठ्ठी देणं म्हणजे मागच्या दाराने शुल्क घेणंच आहे. ते लिहून द्यावं लागलं तर निम्म्या वेळा औषध आतच सापडतं, हे मी या धंद्यात राहून सांगते. आणि जिथे खरंच नसेल, तिथे तुमच्या हातात पुरावा राहतो.

दुसरा आक्षेप, ‘मुसलमानाने प्रश्न विचारला की त्याला वेगळाच रंग देतात.’ देतात. म्हणून एकटे जाऊ नका. आमच्या पट्ट्यात वारली आहेत, कातकरी आहेत, कुणबी, आगरी, ख्रिस्ती आहेत. साप चावताना जात विचारत नाही आणि बाळंतिणीचं रक्त सगळीकडे सारखंच वाहतं. हा प्रश्न ‘आमच्यावरच्या अन्याया’चा म्हणून मांडलात तर एकटे पडाल, गावाच्या कपाटाचा म्हणून मांडलात तर ग्रामसभा सोबत येईल. आणि हे नवीन नाही. ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीचा प्रयोग 2007 मध्ये महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात ठाणे जिल्हा होता. पालघर तेव्हा ठाण्यातच होतं. गावकऱ्यांनी दवाखान्यांना गुण दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारलं. म्हणजे ही वाट आपल्याच जिल्ह्यातून गेलेली आहे.

तिसरा आक्षेप, ‘डॉक्टर चिडतील.’ डॉक्टर आणि परिचारिका या भांडणात आपल्या बाजूच्या आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करा. रिकाम्या कपाटासमोर उभं राहून शिव्या त्याच खातात. त्यांच्यावर हात उचलणं गुन्हा आहे, महाराष्ट्रात त्यासाठी 2010 पासून वेगळा कायदा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे तो मूर्खपणा आहे. त्यातून बिल अडवणारा सुटतो आणि इंजेक्शन देणारी मार खाते. तुम्ही नोंदवही मागितलीत तर ती परिचारिका मनातून तुमचे आभारच मानेल.

मग करायचं काय? आपल्या भागातलं एक आरोग्य केंद्र निवडा. पाच जण ठरवा, त्यांत निदान दोन मुली असू द्या. दहा जीवरक्षक औषधांची यादी करा: सर्पदंशाचं प्रतिविष, रेबीजची लस, ऑक्सिटोसिन, झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट, ओआरएस, ऑक्सिजन आणि तुमच्या भागाला लागणारी बाकीची. दर महिन्याला प्रत्येकाविषयी पाच गोष्टी विचारा. आज शिल्लक किती? महिन्याचा खप किती? शेवटचं इंडेंट कधी गेलं? त्यातलं आलं किती? मुदत कधी संपते? उत्तर मिळालं तर फळ्यावर लिहा, मशिदीबाहेरच्या आणि ग्रामपंचायतीच्याही. नाही मिळालं तर माहिती अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज. 2005 च्या त्या कायद्यात नोंदवही प्रत्यक्ष पाहण्याचा हक्क आहे, आणि जीविताशी संबंधित माहिती 48 तासांत देण्याची तरतूद आहे. रुग्ण कल्याण समितीची बैठक कधी झाली ते विचारा, तिचं इतिवृत्त मागा. मिळालेल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करा. कुठल्या तारखेला साठा संपणार हे तुम्हाला त्या अधिकाऱ्याच्या आधी कळेल. ते त्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. मग त्या तारखेनंतर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं कुणालाही म्हणता येणार नाही.

हे काम कंटाळवाणं आहे. यात सायरन नाही, फोटो नाही, कुणी हार घालणार नाही. ज्याचा जीव वाचेल त्याला तुमचं नावही कळणार नाही, कारण त्याला चिठ्ठी मिळालेलीच नसेल. येत्या पावसाळ्याआधी आपल्या केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, एवढ्या एका प्रश्नापासून सुरुवात करा. उत्तर दहा आलं, तर दुसऱ्या माणसाचं काय, हे विचारल्याशिवाय तिथून उठू नका.